चौदा रात्रींनंतर: तंबूबद्दल थोडं, जागेबद्दल जास्त

तंबू घेतला गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, ११,८०० रुपयांना. आता जूनचा दुसरा आठवडा चालू आहे. परवा तो धुतला, गच्चीवर खडखडीत वाळवला आणि काल माळ्यावर टाकला. मधल्या आठ महिन्यांत आम्ही त्यात चौदा रात्री काढल्या: मी, ही, दोन मुलं आणि एकदा सोबतीला माझी पंचाहत्तरीची आई. घर इंदूरच्या राजेंद्रनगरात, त्यामुळे शनिवारी दुपारी निघालं तरी महू, चोरल, मांडू अंधार पडायच्या आत गाठता येतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिले तीन महिने ज्या गोष्टींसाठी मी तिला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्याच होत्या. तंबू कुठे लावायचा हेच मला कळत नव्हतं.

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. दोन थरांचा तंबू: आत जाळी, वरून पॉलिएस्टरचं आवरण, फायबरचे पोल, वजन साडेसात किलो. लेबलवर 'चार माणसांसाठी' लिहिलंय. ती चार माणसं एकमेकांवर फारच प्रेम करणारी असावीत. आमच्यासाठी तो दोन मोठे, दोन लहान आणि चपला बाहेर, एवढ्याच मापाचा. वरच्या कापडाला ३००० मिमीचा आकडा दिलाय. म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला, तरी तोवर पाणी झिरपत नाही. आपल्याकडच्या हिवाळी सरीला एवढं पुष्कळ.

पहिली रात्र चोरल धरणाच्या काठावर. फोटोत पाणी यावं म्हणून तंबू काठापासून पंधरा पावलांवर लावला. फोटो झकास आले. पहाटे पाचला धाकटी म्हणाली, "बाबा, पाऊस पडतोय." बाहेर आभाळ स्वच्छ होतं, आणि आत माझ्या कपाळावर टपटप थेंब पडत होते. सोमवारी दुकानदाराला फोन करून तावातावाने म्हटलं, तंबू गळतो. त्याने शांतपणे विचारलं, "भिया, शिवणीतून गळतंय की सगळीकडून?" मग आठवलं, सगळीकडून. जमीन कोरडी होती आणि वरच्या कापडाची आतली बाजू घामेजलेली. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातून लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं. थंड कापडाला लागलं की त्याचे थेंब होतात. त्यात पाण्याकाठची हवा आधीच ओलसर, आणि थंडी वाजते म्हणून मी वरच्या दोन्ही खिडक्या गच्च लावलेल्या. पंधरा दिवसांनी त्याच चोरलला पाण्यापासून दीडशे पावलं वर, आंब्यांच्या रांगेजवळ, खिडक्या चार बोटं उघड्या ठेवून झोपलो. सकाळी कापडाला हात लावला तर जेमतेम दमट. डासही निम्मे. पाणी बघायला उतरून जावं लागलं, एवढाच तोटा.

मांडूला तर मी हट्टाने चुकलो. रूपमतीच्या मंडपाकडून खाली पसरलेलं निमाड बघितलं आणि म्हटलं, सकाळी डोळे उघडताच हेच दिसलं पाहिजे. कड्याजवळ एका शेतकऱ्याची पडीक जागा होती. त्याला विचारलं, पाचशे रुपये दिले, आणि तंबूचं दार बरोबर दरीकडे करून तंबू ठोकला. 'ठोकला' म्हणतोय, पण खुंट्या आत जाईनात. वर चार बोटं माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. कंपनीच्या बारीक खुंट्यांपैकी पाच वाकल्या. शेवटी दोऱ्यांना दगड बांधले. दिवसभर वाऱ्याचा पत्ता नव्हता. रात्री अकरानंतर कडा वाजायला लागला. वारा सरळ दारातून आत घुसला, तंबू फुग्यासारखा फुगला आणि एकच्या सुमारास कानाशी 'टक्' झालं. पोल उभा चिरला होता. पहाटेपर्यंत मी पाठ लावून तो सावरत बसलो, आणि ही मुलांना घेऊन गाडीत झोपली. सकाळी निमाड दिसलं का? धुकं होतं.

दुसऱ्या रात्री शेतकऱ्याने आम्हाला त्याच्या गोठ्याच्या भिंतीआड नेलं. पोलवर तंबूबरोबर आलेली धातूची नळी चढवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली, दार वाऱ्याकडे पाठ करून लावलं. समोर म्हशीची पाठ. सगळे सात तास झोपलो. दृश्य बघायला सकाळी चहाचा थर्मास घेऊन कड्यावर चालत गेलो, येताना मांडूच्या चिंचा घेतल्या. तेव्हापासून माझा नियम झालाय: बघायची जागा वेगळी आणि झोपायची वेगळी. आणि हो, इंदूरला परतल्यावर लोखंडाच्या दुकानातून सहा इंची जाड खिळे आणले. मुरमात तेच जातात. काळ्या मातीत मात्र लांब, रुंद खुंट्याच लागतात, कारण ती सुकली की भेगाळते आणि बारीक खुंटी भेगेत नुसती हलते.

जानेवारीत जानापावच्या पायथ्याशी गेलो. जिथून चंबळ निघते ती टेकडी, आपल्याकडची बऱ्यापैकी उंच. सोबत ऑफिसातल्या मित्राचा तंबू होता. आम्ही हुशारीने खळग्यात लावला, वारा लागू नये म्हणून; त्याला जागा उरली नाही म्हणून तो बांधावर, आमच्यापेक्षा वीसेक फूट उंच. पहाटे मुलांनी थर्मामीटरचा खेळ केला. आमच्याकडे ४ अंश, त्याच्याकडे ७. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खळग्यात साचते, हे शाळेत शिकलो होतो. कळलं तेव्हा, दात वाजत असताना. त्या रात्री शेजारच्या एका कंपूने पेटती शेगडी तंबूत घेतली होती. उठून, भांडून ती बाहेर काढायला लावली. बंद तंबूत कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

महेश्वरच्या वरच्या बाजूला नर्मदेच्या वाळूत उतरायची माझी फार इच्छा होती. पांढरी वाळू, सपाट, मऊ, खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या. त्या वेळी आई सोबत होती. ती गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "धाराजी विसरलास का रे?" एप्रिल २००५ मध्ये अमावास्येच्या स्नानाला धाराजीच्या घाटावर माणसं जमली होती, वरच्या इंदिरासागर धरणातून पाणी सुटलं आणि कित्येकजण वाहून गेले. महेश्वरच्या वरही ओंकारेश्वरचं धरण आहे. वीज करायला पाणी कधी सुटेल ते आपल्या घड्याळावर ठरत नाही. वाद घालायला मला तोंडच नव्हतं. गावात एकाच्या अंगणात तंबू लावला. आई त्याच्या घरात खाटेवर झोपली आणि सकाळी तिनेच घाटावर नेलं. नाल्यांचंही तेच. तिंछाकडे एकदा कोरड्या नाल्याच्या रेतीवर सामान उतरवलं होतं, तेव्हा बकऱ्या वळणाऱ्या पोराने काठावरच्या झुडपांकडे बोट दाखवलं. कमरेएवढ्या उंचीवर वाळका पाला आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. मागच्या पावसाळ्यातलं पाणी तिथवर आलं होतं. आता कुठेही गेलो तरी मी आधी झुडपांतला तो कचरा शोधतो. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरड्या आभाळाखालीही लोंढा येतो; पातालपाणीच्या धबधब्यावर २०११ च्या जुलैत तेच झालं.

कॅराव्हॅनबद्दल विचारणारे बरेच असतात म्हणून लिहितो. फेब्रुवारीत पुण्याचा साडू भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन आला. आत पलंग, फ्रिज, बेसिन, सगळं. आमच्या तंबूकडे त्याने ज्या दयेने बघितलं ते मी विसरणार नाही. त्याने गाडी गव्हाच्या शेताच्या कडेला, काळ्या मातीवर उभी केली. रात्री मावठ्याची वीस मिनिटांची सर आली. तंबू कोरडा राहिला. सकाळी गाडीची मागची चाकं अर्धी जमिनीत. ट्रॅक्टरवाल्याने आठशे घेतले आणि चहा प्यायला. अशा गाडीला झाडाची सावली, पाण्याचा काठ वगैरे दुय्यम. खालची जमीन आधी. गावात जुनं खळं असेल तर ते मागा. तुडवून तुडवून कडक झालेलं, सपाट, आजूबाजूपेक्षा जरा उंच आणि वर फांद्या नाहीत.

फांद्यांवरून आठवलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली तंबू लावू नका. आम्हाला वाटलं, मोठं झाड, स्वच्छ जागा. स्वच्छ कशामुळे, तर फुलं वेचायला सोपं जावं म्हणून गावकरी खालचा पाला जाळून जागा साफ करतात. पहाटे चारला टोपल्या घेऊन बायका आल्या, आणि त्यांच्या कमाईवर आमचा तंबू उभा! त्या काही बोलल्या नाहीत, पण आम्हीच लाजून अंधारात तो उचलला. आंबा उत्तम, पण झाड तंबूच्या पूर्वेला हवं. एप्रिलमध्ये सातलाच ऊन चढतं आणि आठला तंबूची भट्टी होते. झाड पश्चिमेला असेल तर त्याची सावली दुपारनंतरच तुमच्या कामाची.

हनुवंतियालाही एकदा जाऊन आलो, तिथल्या तयार तंबूंत. २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरतो, इंदिरासागरचं पाणी समुद्रासारखं दिसतं, पलंग, गरम पाणी, जेवण सगळं हजर. आईवडिलांना न्यायला झकास. तुलना करण्यासारखं मात्र काही नाही.

आवाजाचं कोणी सांगत नाही. लग्नसराईत पाण्यापलीकडचा डीजे काठावर असा ऐकू येतो की वाटावं नवरदेव आपल्याच तंबूत आहे. जागा ठरवण्याआधी गावात दोन प्रश्न विचारायचे: जमीन कोणाची, आणि आज कोणाकडे लग्न आहे का. पहिला जास्त महत्त्वाचा, कारण महूच्या आसपास लष्कराची हद्द कुठे सुरू होते, जंगलखात्याची कुठे, ते नुसतं बघून कळत नाही. शेतकऱ्याची खाजगी जागा घ्या, पैसे हातात द्या, जाताना कचरा उचला. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारे आम्ही इंदूरवाले चोरलच्या काठावर शेवेच्या पिशव्या टाकून येतो, हे लिहिताना मलाच कसंतरी होतं.

आता तंबूचं खरं प्रगतिपुस्तक. कापड आणि तळ उत्तम, आठ महिन्यांत एक भोक नाही. पोल सुमार, परवडत असेल तर अॅल्युमिनियमचे घ्या. खुंट्या फेकून द्या. चेन फेब्रुवारीपासून धुळीने अडकायला लागली, तिच्यावर मेणबत्ती घासली की महिनाभर नीट चालते. पिशवीत परत घडी घालणं हा नवरा-बायकोच्या संयमाचा विषय आहे. दुकानदाराला मी पाच तारे देईन, तंबूला साडेतीन.

चौदापैकी सहा रात्री चोरलच्या त्याच आंब्यांजवळ गेल्या. परवा त्या शेतकऱ्याला फोन केला. म्हणाला, सोयाबीन निघाल्यावर खुशाल या, पण यंदा तिथे लसूण लावायचा विचार आहे, मग जागा राहणार नाही. तेव्हा दिवाळीच्या आत मला दुसरी जागा शोधायची आहे. मोरटक्क्याच्या बाजूला कोणाच्या ओळखीचं शेत असेल, पूर्वेला झाड असलेलं, तर सांगा. पाणी लांब असलं तरी चालेल.