आयर्लंडचं निवासी संस्था भरपाई मंडळ: गुणांकन चोख, पण तोंडाला कुलूप

सरकारी अनुदानावर कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या आर्टेन, लेटरफ्रॅक, गोल्डनब्रिज अशा इंडस्ट्रियल स्कूलांत (गरीब, अनाथ मुलांना ठेवायच्या निवासी शाळांत) ज्यांचं बालपण चिरडलं गेलं, त्यांच्यासाठी आयर्लंडने 2002च्या कायद्याने हे मंडळ नेमलं. अर्जांची मूळ मुदत 15 डिसेंबर 2005. उशिराचे अर्ज 2011 पर्यंत घेतले. 15,000 हून अधिक जणांना भरपाई मिळाली, सरासरी सुमारे 62,000 युरो.

अर्जदाराने ओळख, यादीतल्या संस्थेतलं वास्तव्य, 18 वर्षांखाली असताना झालेला अत्याचार आणि त्यातून झालेली इजा एवढं दाखवायचं. कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नसे, वकिलाचा वाजवी खर्चही मंडळ देई. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रकरणांत कोर्टात दावा टिकणंच मुश्कील, त्यामुळे ही सोय फार मोलाची.

गुणांकन 100 पैकी: अत्याचाराची तीव्रता 25, वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झालेला शारीरिक वा मानसिक आजार 30, मनावर आणि नातेसंबंधांवर झालेले परिणाम 30, हुकलेल्या संधी 15. समजा कोणाला 15, 12, 14 आणि 6 मिळाले, तर बेरीज 47. म्हणजे तिसरा गट (40 ते 54 गुण), 1 ते 1.5 लाख युरो. 70 किंवा त्याहून जास्त गुणांना 2 ते 3 लाख. मोजमाप आधीच जाहीर असल्यामुळे वकिलाला अंदाज बांधता येई. मात्र वर्गाऐवजी शेतात नि कारखान्यात राबवलेल्या मुलांच्या बुडालेल्या शिक्षणाला जेमतेम 15 गुण, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

मंडळाचा भरपाईचा देकार आल्यावर महिनाभरात ठरवायचं: स्वीकार, नकार किंवा फेरविचारासाठी पुनर्विलोकन समिती. स्वीकारला की सरकार आणि संस्था दोघांवरचा दावा सोडल्याची सही.

खरी खोट या कायद्याच्या कलम 28 मध्ये. अर्ज किंवा भरपाईबद्दलची माहिती संस्था वा व्यक्ती ओळखू येईल अशी प्रसिद्ध केली, तर तो गुन्हा. मोठ्या खटल्यात दंड 25,000 युरोपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत. ज्यांना लहानपणी गप्प बसवलं, त्यांनाच कायद्याने पुन्हा गप्प केलं. याचं समर्थन होऊच शकत नाही. या संस्थांतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या 2009च्या रायन अहवालातही अत्याचार करणाऱ्यांना टोपणनावंच आहेत.

पैशाचा भारही उलटाच पडला. जून 2002 मध्ये 18 धर्मसंघांनी रोख, मालमत्ता आणि समुपदेशन मिळून 128 दशलक्ष युरोंचा करार सरकारशी केला, बदल्यात त्यांच्यावरच्या पुढच्या दाव्यांचा खर्च उचलण्याची हमी सरकारने घेतली. चौकशी आणि भरपाईचा एकूण खर्च मात्र दीड अब्जांच्या घरात गेला. करारावर सही झाली तेव्हा किती अर्ज येतील याचा भरवशाचा हिशेबच सरकारकडे नव्हता.

मॅग्डलेन धुलाईघरांतल्या (जोगिणींनी चालवलेल्या, बायकांना कोंडून बिनपगारी राबवणाऱ्या संस्थांतल्या) बायका तर या योजनेच्या बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळी योजना यायला 2013 उजाडलं.