बांधणी एक नंबर, पण कटिंग नको म्हणून आधीच सांगा

रत्नागिरीत जुन्या पुस्तकांची जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवून बांधणी, करणारे माझ्या माहितीत हे एकच बाइंडरकाका उरलेत. बाकी सगळे स्पायरलवाले. लांज्याच्या घरी माळ्यावर आजोबांची पेटी निघाली, तिच्यात अमेरिकन बार असोसिएशनचा, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेचा, १९१४चा जाडजूड अहवाल. आजोबांनी मुंबईत रद्दीतून उचललेला. पाठ वाळवीने खाल्लेली, पानं सुटी.

शिवण मात्र चोख. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) सुटे करून दोऱ्याने नव्याने शिवले, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं, पाठीला कापड. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडं राहतं. साडेचारशे रुपये. चार दिवस सांगून तेवीस लावले, पण जुलैत खळ सुकत नाही हे मलाही कळतं.

घोळ झाला तो कटिंगचा. न विचारता तिन्ही बाजू यंत्राखाली घातल्या आणि समासातल्या आजोबांच्या पेन्सिलीच्या नोंदी अर्ध्या उडाल्या. त्या नोंदींसाठीच तर पुस्तक बांधायला दिलं होतं!

असोसिएशनचे त्या वर्षीचे अध्यक्ष विल्यम टाफ्ट. मार्च १९१३मध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सुटलं आणि त्याच वर्षी वकिलांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या नावाशेजारी आता एवढंच उरलंय: ‘हेच पुढे ब्रँ’. पुढचं मला पाठ आहे, आजोबा जेवताना सांगायचे. १९१६मध्ये लुई ब्रँडाइस यांचं नाव अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी आलं. बड्या कंपन्यांशी भांडलेला वकील, त्यात ज्यू. तोवर एकही ज्यू तिथे न्यायाधीश झाला नव्हता. तेव्हा असोसिएशनच्या सात आजी-माजी अध्यक्षांनी सिनेटला, म्हणजे अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या वरच्या सभागृहाला, लेखी कळवलं की हा माणूस त्या जागेला लायक नाही. त्यात टाफ्ट होते, आणि तेव्हा खुर्चीवर असलेले एलिहू रूटही. सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी ब्रँडाइसना घेतलंच. १९२१मध्ये टाफ्ट सरन्यायाधीश झाले आणि ब्रँडाइस यांच्याच कोर्टात येऊन बसले. इथे आजोबा ताकाचा भुरका मारून हसायचे.

काकांना कापलेलं पान दाखवलं. “कडा सरळ नको होत्या काय, वकीलबाई?” पन्नास रुपये मात्र न मागता परत दिले.

पेटीत अजून दोन खंड आहेत. देणार त्यांच्याकडेच, पण पहिल्या पानावर लाल शाईची चिठ्ठी लावून: कटिंग नको.