व्हॉट्सॲप बिझनेस: प्लंबिंगच्या दुकानात वर्षभर वापरल्यावर

गेल्या आठवड्यात एका एजन्सीचा माणूस काउंटरवर येऊन बसला. "शेठ, फुकटचं ॲप सोडा, एपीआय घ्या." एपीआय म्हणजे एजन्सीच्या सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची पैसेवाली सोय. सेटअपचे पैसे वेगळे, महिन्याचे वेगळे. शिवाय जुलै २०२५ पासून मेटा जाहिरातीच्या प्रत्येक टेम्प्लेट मेसेजला (आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुराला) पैसे लावते, हे मी खोदून विचारल्यावर निघालं. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

आमचं दुकान कराडला. गिऱ्हाईक बहुतेक प्लंबर. ॲपची खरी गोम ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीत आहे. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. सीपीव्हीसी पाइपांचे भाव बदलले की मी रेटलिस्ट टाकणार आणि प्लंबर जुन्याच भावाने घरमालकाला कोटेशन देऊन भांडायला हजर. "मला आलंच नाही." कसं येणार? त्याच्याकडे माझा घरचा नंबर 'पाइपवाले' म्हणून सेव्ह, दुकानाचा नाहीच. ग्रुप काढावा तर सगळ्यांचे नंबर उघडे, एकाची सूट दुसऱ्याला कळते, आणि सकाळी सुप्रभातचे गुलाब. आता आमचा पोरगा बिल फाडायच्या आधी समोरच्याचा मोबाइल मागून नंबर सेव्ह करूनच सोडतो. भांडणं बरीच कमी झाली. तरी हे काम ॲपचं की माझं?

चॅटला लावायची लेबलं मला आधी नुसती नाटकं वाटायची. मत बदललं. 'पेमेंट बाकी' उघडलं की सगळी उधारी एका जागी दिसते. खातेवही चालूच आहे, पण वसुलीला आता ती काढावी लागत नाही.

ऑर्डर फोटोनेच घ्यायची. मलकापूरच्या साइटवरून फुटलेल्या युनियनचा (दोन पाइप जोडायच्या फिटिंगचा) फोटो येतो, शेजारी बॉलपेन ठेवलेलं, म्हणजे पाऊण इंची की इंची ते कळतं. व्हॉइस नोटमध्ये ड्रिलचाच आवाज; एमटीए म्हणाला की एफटीए (बाहेरून आटे असलेला जोड की आतून), देव जाणे. गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर तोच नंबर जोडलाय (चार डिव्हाइस जोडता येतात), त्यामुळे प्लंबर पोचेपर्यंत माल बांधून तयार.

कॅटलॉगवर फार वेळ घालवला नाही. ५०० वस्तू बसतात म्हणे, आमच्याकडे फिटिंगच त्याहून जास्त. नळांचे तेवढे फोटो टाकलेत. घरातल्या बायका ते बघून ठरवतात, प्लंबरचं तिथं काही चालत नाही.