दांडिया बाजारातला फ्लॅट: तीन वर्षांचं सांगितलं, पाच लागली, आता दहा महिने राहून झाले

नणंदेला बडोद्यातच जुन्या गावात घर घ्यायचंय आणि ती रोज फोन करून एकेक गोष्ट विचारते, ऑफिसातल्या दोघींनीही विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांब होईल पण होऊ दे. बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण काढायचं नाहीये, जे झालं ते सांगायचंय.

आम्ही आधी समा बाजूला भाड्याने होतो, तळमजला. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस पडला तेव्हा घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं, आई पलंगावर बसून आणि मी आणि नवरा फ्रिज उचलून ओट्यावर ठेवतोय, ती रात्र मी विसरूच शकत नाही. आईचं माहेर दांडिया बाजारातलं, ती तेव्हाच म्हणाली की मला आता परत तिकडे ने, तिकडे उंचावर आहे, तिकडे पाणी येत नाही. आणि नेमकी तेव्हाच तिच्या ओळखीतल्या एका जुन्या वाड्याच्या जागेवर खाली दुकानं वर फ्लॅट अशी स्कीम येतेय असं कळलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही बुक केला, लोनही त्याच महिन्यात मंजूर झालं, बानाखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, पझेशन डिसेंबर २०२२ लिहिलेलं. बीयू आली नोव्हेंबर २०२४ ला. बीयू म्हणजे वापर परवानगी, महाराष्ट्रात ओसी म्हणतात तीच. म्हणजे तेवीस महिने उशीर.

आता उशीर का झाला हे सांगते, कारण लोकांना वाटतं बिल्डरने पैसे दुसरीकडे फिरवले असणार आणि आम्हालाही दोन वर्षं तसंच वाटत होतं. रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणारा कायदा आणि त्याचं प्राधिकरण, त्या कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तरी शंका यायचीच. पण आमच्याकडे खरी अडचण जमिनीची आणि गल्लीची होती. वाड्याला वारस सात, त्यातले दोघं पुण्याला, एक अमेरिकेत, सगळ्यांच्या सह्या झाल्यात असं आम्हाला सांगितलं होतं पण एका बहिणीचं हक्कसोडपत्र राहिलेलं होतं ते बुकिंगनंतर आठ महिन्यांनी झालं. खालच्या दुकानांत दोन जुने भाडेकरू, आजोबांच्या काळापासूनचं नाममात्र भाडं, ते उठायला तयार नाहीत आणि भाडे कायदा त्यांच्या बाजूने, शेवटी त्यांना नवीन इमारतीत दुकान द्यायचं ठरलं तेव्हा नकाशा परत बदलला. त्यातच मार्च २०२० ला लॉकडाऊन, मजूर सगळे दाहोदकडचे, ते गावी गेले. केंद्राने कोविडचे सहा महिने मुदतीत वाढवून द्या असं रेराला सांगितलं होतं, ते मी मान्य करते, कोणाचाच दोष नव्हता. पण सहा महिने ते सहा महिने, तेवीस नाहीत.

मग खोदकामात विहीर लागली. हे मी स्वतः पाहिलंय. रविवारी बाजारातून भाजी घेऊन येताना मी आणि आई पत्र्याच्या फटीतून बघायचो आणि एका रविवारी बघते तर खड्ड्याच्या कोपऱ्यात विटांची गोल भिंत, पातळ जुन्या विटा, आणि आत पाणी चढतंय. दोन पंप रात्रंदिवस चालू, तरी सकाळी परत तेवढंच पाणी. आई म्हणाली ही विहीर मी लहानपणी पाहिलीय, वर फरशी टाकून त्यावर पाणी तापवायचा बंब ठेवायचे. म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं आणि ज्याने बेसमेंटचं डिझाइन केलं त्याने कोणाला विचारलंच नाही. चार महिने त्यात गेले. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच, खोदताना तिकडे तडे गेले, ते लोक कोर्टात गेले आणि मनाई आणली, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

गल्लीचं तर विचारूच नका. रेडीमिक्स काँक्रीटची गाडी आत शिरत नाही, रेती-खडी छोट्या टेम्पोने आणि तीही रात्री दहानंतर, स्लॅब भरायचा तर पंपाचा पाइप मेन रोडपासून ओढायचा. न्यू अल्कापुरी-गोत्रीकडे जो स्लॅब बारा दिवसांत होतो तो इथे महिना घेतो, हे कोणताही ठेकेदार सांगेल. गणपतीत आणि नवरात्रात काम बंद. रस्ता किती रुंद त्यावर इमारतीची उंची ठरते, माहितीपत्रकात सात मजले छापले होते, पालिकेने रस्ता मोजल्यावर रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, पाचचीच मिळाली, वरच्या मजल्यांवाल्यांना पैसे परत करावे लागले आणि पैशाची ओढाताण तिथून सुरू झाली. माझा तिसरा मजला म्हणून मी वाचले.

पैशाचं स्पष्ट सांगते. आमचं भाडं महिना ११,५००, तेवीस महिन्यांचं २,६४,५०० रुपये जास्तीचं गेलं, आणि बरोबरीने बँकेचं व्याज चालूच. जीएसटीत तर मी अज्ञानात फसले. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का, आपल्या बडोद्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेट एरियापर्यंत आणि ४५ लाखांपर्यंत १ टक्का लागतो. माझा फ्लॅट ७८ मीटर, किंमत ४२.८० लाख, मी निश्चिंत. पण त्यात पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्ज मिळवले की ४५.६० होतात आणि मर्यादा एकूण रकमेवर बघतात, त्यामुळे ५ टक्के. सव्वादोन लाखांच्या वर भरले. बुकिंगच्या आधी एकूण आकडा हातात घेऊन बसले असते तर साठ हजार कमी करून घेता आले असते आणि मी १ टक्क्यात बसले असते.

आणि एक गोष्ट जिची धास्ती मी वर्षभर बाळगली. जुन्या टॅक्स पद्धतीत होम लोनच्या व्याजाची दोन लाखांची वजावट तेव्हाच मिळते जेव्हा लोन घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत घर पूर्ण होतं, नाहीतर फक्त ३०,०००. माझं लोन २०१९-२० चं, म्हणजे ३१ मार्च २०२५ शेवटची तारीख. बीयू आली तेव्हा चार महिने उरले होते. आधीच्या वर्षांचं व्याज आता पाच हप्त्यांत वजा होतंय, सीएने सगळं बसवून दिलं.

उशिराच्या व्याजाचा हक्क मात्र मी हातचा घालवला. रेराच्या कलम १८ प्रमाणे तुम्ही घर सोडत नसाल तर पझेशनपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं असतं. आम्ही अकरा जण अर्ज करणार होतो, वकील ठरला होता, आणि मग बिल्डरने एकेकाला वेगळं बोलावून मेंटेनन्सची डिपॉझिट माफ करतो, हा कागद सही करा, चावी घ्या असं केलं. मी सही केली. पाच वर्षं थांबून किल्ली समोर टेबलावर पडलेली असते तेव्हा माणूस वाचत नाही. ज्या तिघांनी सही केली नाही त्यांना किल्ली तशीही मिळालीच, पंधरा दिवसांनी, कारण बीयू आल्यावर तो अडवू शकत नव्हता. हे मला आजही लागतं.

दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर केला, गुजरातमध्ये बाईच्या नावावर असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे, स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के भरावीच लागते.

आता राहण्याचा अनुभव. कमुर्ता, म्हणजे संक्रांतीआधीचा अशुभ मानलेला महिना, संपवून उत्तरायणाला आलो, जानेवारी २०२५, पहिलाच दिवस गच्चीवर पतंगात गेला. घर चांगलं आहे, मनापासून सांगते. भिंती सरळ, प्लंबिंगला दहा महिन्यांत हात लावला नाही, हॉलला पूर्वेचं ऊन. मागच्या बेडरूमला उजेड नाही, शेजारची भिंत चार फुटांवर, दिवसा लाइट लावावा लागतो, हे नकाशात कळत नाही, जागेवर उभं राहूनच कळतं. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी आणि दाब कमी, पण टाकी मोठी आहे. लिफ्ट दोनदा बंद पडली. पार्किंग खरी अडचण, बेसमेंटचा रॅम्प इतका तीव्र वळणाचा की मोठी गाडी एका दमात वळत नाही, आम्ही गाडी विकून स्कूटरवर आलो आणि त्याने काही बिघडलं नाही कारण सगळं पायी आहे, खंडेराव मार्केट, बँक, डॉक्टर, सगळं. फक्त न्यायमंदिराच्या बाजूची वर्दळ कमी झालीय, २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेल्यापासून, खालच्या झेरॉक्सवाल्याला दुकान चालवणं जड जातंय, आमच्या इमारतीतली चार दुकानं अजून रिकामी आहेत आणि त्यामुळे मेंटेनन्सचा भार आमच्यावर जास्त येतो.

पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. पझेशनपासून पाच वर्षं बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, ३० दिवसांत, हे आता पाठ झालंय, त्यामुळे फोन न करता मेल केली, फोटो लावले, बाविसाव्या दिवशी माणसं आली आणि बाहेरून प्लास्टर काढून नीट केलं. हे त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. ती विहीर बुजवली नाही, गच्चीचं पाणी तिच्यात सोडलंय, वर लोखंडी झाकण. बेसमेंटच्या त्या कोपऱ्यात जमीन ओलसर राहते पण पाणी साचलं नाही.

आषाढी एकादशीला आई मांडवीला विठ्ठल मंदिरात एकटी चालत गेली आणि चालत आली. समाला होतो तेव्हा रिक्षा करून, कोणीतरी सोबत असेल तरच जायची. तिला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. बुकिंग केलं तेव्हा ती अडुसष्टची होती आणि जिना धावत चढायची, ती मधली वर्षं मला कुठल्या व्याजात मोजता येत नाहीत.

नणंदेने विचारलेली स्कीम आमच्याच मागच्या गल्लीत आहे, पत्रे लागलेत, बोर्डावर पझेशन डिसेंबर २०२८. मी तिला एवढंच करायला सांगितलंय: वारस किती आणि सगळ्यांची सही कागदावर आहे का, जुना भाडेकरू कोण, त्या भागात अशांतधारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागातल्या मालमत्तेच्या विक्रीवरचा गुजरातचा कायदा, लागू असेल तर कलेक्टरची परवानगी झालीय का, रजाचिठ्ठी किती मजल्यांची, आणि रेराच्या साइटवर दर तिमाहीचे फोटो बिल्डर टाकतो का. आणि गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचार, इथे खाली काय होतं. रविवारी ती येतेय, आईला घेऊन आम्ही तिघी जाणार आहोत बघायला.