ट्रॅक डेच्या नावाखाली कोल्हापूर-सांगलीच्या पोरांची फसवणूक, पैसे भरायच्या आधी वाचा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात ट्रॅक डेच्या, म्हणजे रेसिंग सर्किटवर दिवसभर स्वतःची गाडी पळवायच्या इव्हेंटच्या नावाखाली पैसे गोळा करणारा एक ऑर्गनायझर परत फिरायला लागलाय. नाव नवीन, लोगो नवीन, पण पेमेंटचा नंबर तोच, म्हणून हे लिहितोय. त्याचं नाव इथं घेत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी नको म्हणून सांगितलंय, पण पद्धत सगळी सांगतो, वाचल्यावर तुम्हाला ओळखता येईल.

आपल्याकडं या खेळाचं वेड किती आहे ते सांगायला नको. हुपरी रोडला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं नॅशनल कार्टिंगचे राउंड झालेत, आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला, आणि उद्यमनगरात गेलं की पाहिजे तो पार्ट लेथवर काढून देणारी माणसं आहेत. पण स्वतःची बाईक किंवा कार फुल सोडायची म्हटलं की जवळ काही नाही. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचं, आणि पार वर ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट, ५.१ किलोमीटर, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. कोल्हापुरातनं कोइमतूर म्हणजे हजार किलोमीटरच्या आतबाहेर, गाड्या टेम्पोत बांधून न्यायच्या, रजा काढायची, राहायचं बघायचं. एकट्यानं सर्किट भाड्यानं घेणं कुणाला परवडत नाही म्हणून मध्ये ऑर्गनायझर लागतो, तो दिवसभरासाठी सर्किट घेतो आणि खर्च सगळ्यांच्यात वाटला जातो. या धंद्यात चांगली माणसं आहेत, जीव लावून करणारी आहेत. पण सर्किट एवढं लांब असल्यामुळं तिथं खरंच बुकिंग झालंय का नाही हे इथं बसून कुणाला दिसत नाही, आणि फसवणारा नेमका तिथंच शिरतो.

हा माणूस ताराबाई पार्कातल्या एका कॅफेत लॅपटॉप घेऊन आला होता. बोलणं एकदम जाणकाराचं, ब्रेकिंग पॉइंट, एपेक्स, कुठल्या कॉर्नरला कुठला गिअर, सगळं तोंडपाठ. आमच्या ग्रुपमध्ये शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं, एक बँकेतला, दोघंतिघं इंजिनिअरिंगची, सगळ्यांनी महिना महिना पैसे बाजूला टाकलेले. पोस्टरवर कोइमतूरच्या सर्किटचं नाव, तारीख, वेगानुसार तीन ग्रुप, प्रत्येक ग्रुपला वीस वीस मिनिटांची पाच सेशन, कोच, ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे मार्शल, ॲम्ब्युलन्स, फोटोग्राफर, इन्शुरन्स, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘एफएमएससीआय मान्यताप्राप्त’, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनची मान्यता. फी साडेचौदा हजार, रविवारपर्यंत पूर्ण भरली तर अर्ली बर्ड डिस्काउंट. यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता एका बाईंचं नाव आलं, विचारलं तर म्हणाला, “त्या आमचं अकाउंट्स बघतात, बिनधास्त करा.”

मग इव्हेंटला अगदी थोडे दिवस राहिले असताना रात्री ग्रुपवर मेसेज, सर्किटवर अचानक मेंटेनन्स निघालाय, पण टेन्शन घेऊ नका, कर्नाटकात एक खासगी एअरस्ट्रिप मिळालीय, कोइमतूरपेक्षा जवळ, जागा त्याहून भारी. ज्यांनी पैसे परत मागितले त्यांना उत्तर आलं की फी नॉन-रिफंडेबल आहे, पुढच्या इव्हेंटला ॲडजस्ट करू. टेम्पो ठरलेला, रजा मंजूर झालेल्या, बहुतेक सगळे गेले.

तिथं काय होतं ते नीट सांगतो कारण खरा धोका इथंच आहे. एअरस्ट्रिप म्हणजे सर्किट नव्हे. सर्किटवर कॉर्नरच्या बाहेर रन-ऑफ म्हणजे मोकळी जागा असते, ग्रॅव्हल असते, माणूस घसरला तर थांबायला जागा असते, आणि मार्शल पोस्ट अशा लावलेल्या असतात की एका पोस्टवरनं पुढचं पोस्ट दिसतं. इथं सरळ पट्टी, त्यावर प्लास्टिकचे कोन ठेवून वळणं केलेली, डांबरावर बारीक खडी आणि वाळू, आणि कडेला लगेच गटारीसारखा खड्डा. सरळ पट्टीवर गाडी दीडशेच्या वर जाते आणि मग नवख्या पोरानं कोन बघून ब्रेक मारायचा, तेसुद्धा वाळूवर. झाडून घ्यायला एक माणूस नव्हता. स्क्रुटिनी नाही, म्हणजे गाडीचं ब्रेक, चेन, टायर, ऑइल लीक, हेल्मेटची पट्टी, कुणी काहीही तपासलं नाही. ब्रीफिंग म्हणून पाच मिनिटं जे बोलले त्यात झेंड्यांचा उल्लेखच नव्हता. हुपरी रोडला कार्टिंगला गेलेल्या बारक्या पोरालासुद्धा माहीत असतं की पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही, लाल म्हणजे सेशन थांबलंय, हळू होऊन पिटात, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबायच्या जागेत यायचं. तिथं झेंडेच नव्हते, एका पोराच्या हातात लाल टॉवेल होता. तीन ग्रुप सांगितलेले ते सगळे एकत्र सोडले, पहिल्यांदा आलेला छोट्या आर फिफ्टीन बाईकवाला आणि त्याच्या मागनं हजार सीसीची लिटरक्लास बाईक.

ॲम्ब्युलन्स म्हणून एक जुनी ओम्नी उभी होती, लाल पट्ट्या मारलेली. मी मागचं दार उघडून बघितलं, आत स्ट्रेचर होतं, त्यावर ड्रायव्हरची चादर आणि जेवणाचा डबा, ऑक्सिजनच्या सिलिंडरची जागा रिकामी, फर्स्ट एड बॉक्सला कुलूप आणि किल्ली कुणाकडं ते त्याला माहीत नाही. नर्स नाही, डॉक्टर नाही. ड्रायव्हर बिचारा साधा माणूस, म्हणाला मला दोनपर्यंत उभं राहायला सांगितलंय. दोन वाजता तो निघून गेला आणि इव्हेंट चालूच राहिला. व्यवस्थित चालणाऱ्या ट्रॅक डेला ॲम्ब्युलन्स एखाद्याला घेऊन बाहेर पडली तर दुसरी येईपर्यंत सेशन बंद ठेवतात, एवढा हा नियम कडक असतो.

तीनच्या सुमारास आमच्यातला केटीएम आरसी ३९० बाईकवाला खडीवर घसरला. पुढचं चाक गेलं, खांद्यावर आपटला, कॉलरबोन मोडलं. लेदर सूट आणि बॅक प्रोटेक्टर त्याचा स्वतःचा होता म्हणून तेवढ्यावर भागलं. आम्ही त्याला आमच्याच कारमध्ये मागं बसवून, हात ओढणीनं गळ्यात बांधून, रस्ता विचारत विचारत तालुक्याच्या गावाला नेलं. ऑर्गनायझर सोबत आला नाही, फोनवर म्हणाला, “रायडिंगमध्ये असं होतच असतंय भावा.” हे वाक्य मला आजही सहन होत नाही. पडणं होतं, मान्य, ज्याला पडायची भीती त्यानं येऊ नये, पण पडल्यावर माणसाला उचलायची सोय करायचे पैसे त्यानं घेतलेले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही कोइमतूरच्या सर्किटच्या ऑफिसला फोन लावला. मेंटेनन्स वगैरे काही नव्हतं, आणि त्या नावानं त्या तारखेला बुकिंग कधी झालेलंच नव्हतं. फोन दोन मिनिटांत संपला. म्हणजे पहिल्या दिवसापासनं खोटं, आणि आपल्यापैकी कुणीही पैसे भरायच्या आधी हा फोन करू शकतो, सर्किटचे नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतात, तारीख आणि ऑर्गनायझरचं नाव सांगून सरळ विचारायचं. चांगला ऑर्गनायझर याचा राग धरत नाही, उलट बुकिंगचं पत्र स्वतःहून दाखवतो. राग आला की समजायचं.

नंतर कागदं काढून बसलो तेव्हा एकेक निघत गेलं. सकाळी गडबडीत ज्या इंडेम्निटी फॉर्मवर, म्हणजे काही झालं तर ऑर्गनायझर जबाबदार नाही असं लिहून देण्याच्या कागदावर, सह्या घेतल्या त्यावर पोस्टरवरचं नाव नव्हतंच, तिसऱ्याच कुठल्यातरी नावाचा फॉर्म. पावतीवर जीएसटी नंबर छापलेला, पण मोजला तर चौदाच अक्षरं. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचा कोड, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तमिळनाडू ३३, आणि त्याच्या पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या वेबसाइटवर कुणालाही फुकटात नंबर टाकून नाव बघता येतं, लॉगिन लागत नाही. ‘एफएमएससीआय मान्यताप्राप्त’ चा परवाना मागितला तर सहीशिक्का नसलेली एक इमेज पाठवली. स्पर्धांना परवानगी ही फेडरेशनच देते आणि त्यांचं कॅलेंडर उघड असतं, त्यामुळं कुणी हा शब्द पोस्टरवर टाकला तर परवानगीचं पत्र मागायचं आणि फेडरेशनकडं विचारून घ्यायचं.

इन्शुरन्सचं तर वेगळंच. आपल्या गाडीची नेहमीची पॉलिसी काढून ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ लिहिलेला भाग वाचा, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांना कव्हर नाही असं स्पष्ट असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी मोडली तर त्या पॉलिसीच्या भरवशावर राहता येत नाही. त्यामुळं ऑर्गनायझर ‘इन्शुरन्स इनक्लुडेड’ म्हणतो तेव्हा कुणाचा, माणसाचा का गाडीचा, किती रकमेचा, हे विचारून इव्हेंटच्या नावाची, त्या तारखेची पॉलिसीची कॉपी हातात घ्यायची. आम्हाला ती शेवटपर्यंत मिळाली नाही. बाईकचा खर्च आणि खांद्याचं ऑपरेशन सगळं त्या पोराच्या घरच्यांनी भरलं. त्याची आई मला म्हणाली, “तुम्ही सगळे मोठे होता की रे सोबत.” मी काय बोलणार.

पैसे मागायला लागल्यावर ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज करता येईल असं सेटिंग झालं, मग एकेकाला रिमूव्ह, मग नंबर ब्लॉक. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, ऑनलाइन तक्रारीचा नंबर घेतला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. वकिलाची नोटीस गेल्यावर दोघातिघांना थोडे पैसे परत आले, ते पण “बाकीच्यांना सांगू नका” म्हणून. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. बऱ्याच जणांना वाटतं की ऑर्गनायझर बाहेरगावचा म्हणजे तिकडं जाऊन केस करायला लागणार, तसं नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतंय सांगू, आमच्यातली दोन पोरं त्या दिवसानंतर म्हणाली की ट्रॅक बिक सगळं थोतांड आहे, आपला हायवे बरा. पहाटे कागलकडं गाड्या पळवणारी पोरं आपल्याला माहीत आहेत, त्यातली कितीजण सीपीआर हॉस्पिटलमध्ये पोचली ते पण माहीत आहे. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, दंड आहे, जेल आहे, पण ते सोडा, तिथं समोरनं ऊसाचा ट्रॅक्टर येतो, तिथं कुणाचा तरी बाप सायकलवरनं कामाला निघालेला असतो. ट्रॅक डे त्यासाठीच पाहिजे. मी स्वतः चेन्नईला नीट चालवलेला ट्रॅक डे बघितलाय, सकाळी प्रत्येक गाडीची तपासणी, आरसे काढायला लावले, लाइटवर टेप, एकाच्या हेल्मेटची पट्टी सैल होती तर त्याला पैसे घेऊनही ट्रॅकवर सोडलं नाही, तो भांडला तरी सोडलं नाही. पहिल्या फेऱ्या कोचच्या मागनं, ओव्हरटेक बंद. फी जास्त होती, फोटो साधे होते, जेवण साधं होतं. असा नाही म्हणणारा ऑर्गनायझर शोधा. पैसे भरायच्या आधी त्याला एवढंच विचारा की मागच्या इव्हेंटला तुम्ही कुणाला ट्रॅकवर जाऊ दिलं नाही आणि का, आणि त्याच्याबरोबर आधी जाऊन आलेल्यांपैकी दोघांशी बोला, पण त्यानं दिलेल्या नंबरवर नको, आपल्या ओळखीतनं शोधून. पूर्ण पैसे आधी देऊ नका, टोकन द्या, बाकीचे बुकिंगचं पत्र बघून, आणि जागा बदलली तर पूर्ण पैसे परत हे त्याच्याकडनं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का असेना.

ज्यांनी या माणसाला पैसे दिलेत, त्या इव्हेंटला आलेले किंवा न आलेले, त्यांनी चॅट आत्ताच एक्सपोर्ट करून ठेवा, पोस्टरचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि यूपीआयचा बारा आकडी ट्रान्झॅक्शन नंबर लिहून ठेवा. आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते, जितके जास्त तितकं बरं, सांगली-इचलकरंजीच्या पोरांनीसुद्धा कळवा. आणि त्याच्या नवीन नावाच्या इव्हेंटला कुणी टोकन भरलं असेल तर बाकीचे पैसे सोडायच्या आधी उद्या ऑफिस टाइमला सर्किटला फोन करा.