रिफर्बिश्ड लॅपटॉप बिघडला, दुकानदार पैसे देईना: १९१५, नोटीस की ग्राहक आयोग?

भाचीच्या लॅपटॉपची बॅटरी फुगलीय हे आम्हाला कळलं ते टचपॅडवरून. तो दाबलाच जाईना. टेबलावर ठेवला की लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगायचा, आणि झाकण मिटल्यावरही मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहायची. घेऊन सव्वीस दिवस झाले होते. किंमत २२,५०० रुपये. त्याआधी नवव्या दिवशीच एक तक्रार झाली होती, चार्जर काढला की चाळीस मिनिटांत बंद. तेव्हा दुकानदाराने ठेवून घेतला, पाच दिवसांनी ‘बॅटरी बदललीय’ म्हणून परत दिला. ही फुगलेली म्हणजे ती बदललेली.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “ताई, सेकंडहँड माल हाय ह्यो. नव्यागत चालंल व्हय? पैसं काय मिळायचं न्हाईत. त्याच किमतीत दुसरं काय पायजे ते घ्या.”

कोल्हापुरात राजारामपुरीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत कुठेही फिरा, जुना माल नवा करून, म्हणजे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकणारी दुकानं सापडतील, आणि हा संवादही थोड्याफार फरकाने सापडेल. त्यानंतर माणूस अडतो तो ‘आता नेमकं करायचं काय’ या प्रश्नावर. कुणी म्हणतं १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन कर, कुणी म्हणतं वकील गाठ, कुणी म्हणतं जाऊ दे, डोकं खराब करून घेऊ नको. आम्ही या सगळ्या वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे.

दोष की जुनेपणा?

वाट निवडायच्या आधी हा एक वाद स्वतःशीच मिटवायला हवा, कारण दुकानदार सगळ्यात आधी इथेच पकडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुन्या मालाला वगळत नाही. पैसे मोजून वस्तू घेतली की तुम्ही ग्राहक, मग ती कोरी असो वा रिफर्बिश्ड. कायद्यातली ‘दोष’ची व्याख्या तर आपल्या फार कामाची आहे. विक्रेत्याने ज्या दर्जाचा दावा केला, त्यात कमी पडलं तरी तो दोष धरला जातो.

म्हणजे झाकणावर ओरखडा आहे हे त्याने सांगितलं होतं, तुम्ही पाहिलं होतं, तर ओरखड्यावरून भांडता येत नाही. पण ‘बॅटरी नवी’ असं लिहून दिलं आणि ती नवी नाही, तर ‘जुना माल असाच असतो’ या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता अशी दोन्ही लिहिलेली असते. पहिल्या बॅटरीचा रिपोर्ट भाचीने काढून ठेवला होता. दुसरी निम्म्यालाही पोचत नव्हती पहिलीच्या. तो एक कागद आमच्या दहा वेळच्या भांडणापेक्षा जास्त बोलला. मोबाइलचंही तसंच. ‘ओरिजिनल फोल्डर’ (म्हणजे स्क्रीनचा पूर्ण भाग) असं बिलावर किंवा चॅटवर आहे का ते बघा, नुसतं तोंडी असेल तर ‘तुम्ही ओरिजिनल म्हणाला होता ना?’ असा साधा मेसेज टाकून त्याच्याकडून उत्तर येऊ द्या.

एक मात्र सांगते. फुगलेली बॅटरी पुरावा म्हणून जपताना ती चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फोटो काढा, लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा.

दुरुस्ती, दुसरा पीस की पैसे?

ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारं सरकारी न्यायपीठ, दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाई आणि खर्चही देऊ शकतो. पण तुम्हाला काय हवंय ते आधी तुम्ही ठरवलेलं असावं.

पहिल्या वेळेस दुरुस्ती स्वीकारणं मला चुकीचं वाटत नाही. एखादी रॅम सैल असते, की-बोर्डची एक की अडते, ते करून घ्यावं. फक्त मशीन देताना जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला दिल्याची पावती घ्या, त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत आणि तारीख. आमच्याकडे ती होती, आणि ‘ही पहिल्यांदाच आलीत’ हे त्याचं म्हणणं तिथेच संपलं. एकदा दुरुस्त होऊन तोच भाग पुन्हा गेला, तर तिसरी संधी देण्यात काही राम नाही.

‘त्याच किमतीत दुसरं घ्या’ हे ऐकायला गोड आहे. पण ज्या दुकानावरचा विश्वास उडाला, तिथलाच दुसरा पीस घ्यायचा, आणि वॉरंटी पुन्हा सात दिवस. दुकानात त्याच मॉडेलचा सीलबंद किंवा ब्रँडची वॉरंटी शिल्लक असलेला पीस असेल तर विचार करा. नाहीतर पैसेच मागा.

शिक्क्याचं काय?

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला लोक उगाच घाबरतात. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस धरले जातात. आता आमच्या बिलावर ७ दिवस छापलेले होते, म्हणजे ३० दिवसांचा आधार थेट मिळत नव्हता. लोक इथे हात टेकतात. पण दोषाची तक्रार ही वेगळी गोष्ट आहे. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे करता येते. शिवाय विकताना त्याने चॅटवर सहा महिन्यांची वॉरंटी लिहिली होती आणि बिलावर सात दिवस, यांतला विरोध त्याला समजावून सांगावा लागणार होता, आम्हाला नाही.

बिलच दिलं नसेल तर? ‘जुन्या मालाचं बिल होत नाही’ ही कोल्हापुरातल्या बाजाराची आवडती थाप. बिल होतं. जुना माल विकणाऱ्याला तर जीएसटी काही अटींवर फक्त नफ्याच्या फरकावर भरण्याची सोय आहे. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. यूपीआयची नोंद, चॅट, कच्ची पावती, जे आहे ते जपून ठेवा.

दुकान आणि ऑनलाइन

लोकांना वाटतं ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी दिल्ली-बेंगळुरूला खेटे घालावे लागतील. आता तसं नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी तक्रार कोल्हापुरात. उलट ऑनलाइनवाल्यांवर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचं आणखी एक ओझं आहे. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाली काढायची. म्हणून ऑनलाइनमध्ये चॅटवरच्या पोरांशी तास घालवू नका, त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल करा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ कायदा मागत नाही, पण कंपन्या मागतात, आणि तो असला की अर्धं भांडण मिटतं.

दुकानाचा फायदा वेगळा. समोर माणूस आहे, पत्ता आहे, गावात त्याचं नाव आहे. तोटा म्हणजे कागद कच्चा.

आणि एखाद्या अ‍ॅपवरून कुणा घरगुती माणसाकडून जुना फोन घेतला असेल, तर या कायद्याचा आधार जवळजवळ नाही, कारण तो व्यापारी नाही. असा फोन घेण्याआधी त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं.

अजून एक सांगायचं राहिलं. गोकुळ शिरगावच्या कारखान्याने ऑफिससाठी दहा लॅपटॉप घेतले तर ते ग्राहक ठरणं अवघड. पण घरी डीटीपीची कामं करून पोट भरणाऱ्या बाईने एक घेतला, तर ती ग्राहकच, कारण स्वयंरोजगारासाठीची खरेदी कायद्याने व्यापारी धरलेली नाही.

१९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. पण ती निवाडा करत नाही, तुमची तक्रार विक्रेत्याकडे पोचवते आणि तोडगा निघतो का पाहते. मोठ्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत आणि तिथे त्यांचं काम चटकन होतं. गल्लीतल्या दुकानदाराला मात्र त्या फोनचं फारसं काही वाटत नाही. आमच्या दुकानदाराने तर ‘आला हुता फोन, बघतो म्हणालो’ असं सांगून चहा मागवला. माझं मत सरळ आहे. माल ऑनलाइन कंपनीचा असेल तर आधी १९१५. दुकानाचा असेल तरी फोन करा, पण त्या भरवशावर महिना घालवू नका.

नोटीस

आयोगात जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण द्यावी. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही. साध्या कागदावर खरेदीची तारीख, रक्कम, त्याने काय सांगितलं, काय बिघडलं, कधी नेलं, काय हवंय आणि किती दिवसांत, एवढंच. शेवटी ‘अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन’. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, तीच प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. आम्ही पंधरा दिवस दिले होते. भाचीने पहिल्या मसुद्यात ‘फसवणूक’, ‘चोर’ असे शब्द घातले होते, ते मी काढले. तारखा आणि आकडे पुरेसे टोचतात.

खर्च स्पीड पोस्टाचा, वेळ दोन आठवडे, आणि लहान दुकानदारावर सगळ्यात जास्त चालणारं हत्यार, असं माझं पाहणं.

जिल्हा आयोग

खरी ताकद इथे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद जिल्हा आयोगात जातात, म्हणजे आपला लॅपटॉप तिथलाच. ५ लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार ऑनलाइन करता येते, १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते, आणि अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीही मिळू शकते. २२ हजारांच्या वादात वकिलाची फी निम्मं खाऊन जाईल, म्हणून आधी स्वतः लिहून बघा.

नोटीस मिळाल्यावर दुकानदाराला उत्तरासाठी ३० दिवस, आयोगाने वाढवले तर आणखी १५. त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत, वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. ‘म्हणतो’ हा शब्द मुद्दाम वापरला. तारखा पडतात, वर्षही जातं. तपासणीची फी तक्रारदाराला आधी भरावी लागते, म्हणून त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचा लेखी अहवाल आधीच घेऊन ठेवलेला बरा.

दुकानदाराच्या बाजूनेही बघा. हरला आणि अपिलात जायचं म्हटलं तर ४५ दिवसांत, आणि रकमेच्या निम्मे आधी भरून. आदेश पाळला नाही तर महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही. हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं, की तो स्वतःच तडजोडीला येतो. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे, दोघं तयार असतील तर.

जाता जाता, हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात आलं तेव्हापासून मला दोघातिघांनी विचारलंय, ‘आता लॅपटॉपचं तिकडंच टाकायचं का?’ नाही. सुरुवात जिल्हा आयोगातूनच.

पोलिसांकडे कधी? दुकान रातोरात बंद झालं, किंवा माल चोरीचा निघाला, तर. नुसत्या बिघाडासाठी ठाण्यात गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकही, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागून बघा, त्याची मुदत कमी असते, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात.

आम्ही काय केलं

नोटीस. दहाव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला, आवाज बराच मऊ. ‘वापर झालाय’ म्हणून दीड हजार कापून २१,००० देतो म्हणाला. कायद्याने पूर्ण मागता आले असते, आणि भाची त्यावर अडून बसली होती. पण सेमिस्टर तोंडावर, हातात लॅपटॉप नाही. मी तिला म्हटलं, घे. ज्याला घाई नाही आणि कागद पक्के आहेत त्याने दीड हजारही सोडू नयेत.

दुकानात गेल्यावर त्याने कागद पुढे सरकवला, ‘रक्कम मिळाली, तक्रार नाही, सही करा’. भाचीने पेन उचललं. मी म्हटलं, “आधी यूपीआय करा दादा, मग सही.” तो हसला, मोबाइल काढला. पैसे आल्याचा आवाज झाला, तिने खात्यात आकडा बघितला, आणि मग सही केली. त्या कागदाचा फोटो आम्हीही काढून घेतला.