मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट: १४ महिने आणि ५८० तासांनंतर

नान्नजकडे आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. नऊ फुटी ओळी, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत घालायची सोय नाही. मागच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला २७ एचपीचा फोर व्हील मिनी घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं बहुतेक मिनींना लागू पडतं. इंजिनाबद्दल तक्रार नाही, डिझेल बेताचं खातो, ओळीच्या टोकाला एका दमात वळतो. सीट मात्र अशी की संध्याकाळी पाठ बोलते. खरी डोकेदुखी झाली ती लिफ्टची, म्हणजे मागचं अवजार ऑइलच्या दाबाने उचलणाऱ्या हातांची, आणि त्यातली निम्मी आमच्याच हातची.

पहिली भानगड डिसेंबरात. सकाळी सातला ट्रॅक्टर चालू करून लिव्हर ओढावा तर रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जागचा हलत नव्हता. लिफ्टला ऑइल पुरवणारा पंप नुसता कण्हायचा. दहा-पंधरा मिनिटांनी ऑइल कोमट झालं की लिफ्ट शहाण्यासारखी वर यायची. गावातल्या मेकॅनिकने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "पंप गेला." भाव ऐकून मी गपचूप घरी आलो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एक म्हातारे चाचा फक्त हायड्रोलिकचंच काम करतात. त्यांना फोन लावला.

"मालक, गार असताना ओरडतो का गरम झाल्यावर?"

"गार असताना, चाचा."

"मग पंपाला हात लावू नका. ऑइलची चाळणी काढा."

कारण साधं आहे. थंडीत ऑइल घट्ट असतं, तुंबलेल्या चाळणीतून ते पंपापर्यंत पोचत नाही, पंप उपाशी फिरतो. पंप झिजलेला असेल तर उलट होतं: सकाळी ठीक, आणि दुपारी ऑइल पातळ झालं की जोर जातो. आमच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं ऑइल एकच. नवे गिअर घासून जो बारीक कीस पडतो तो सगळा या चाळणीवर येतो, म्हणून पहिल्या ५० तासांच्या सर्व्हिसला ती धुवायची असते. कार्डावर तिच्यापुढे बरोबरची खूण होती. पण झाकणाच्या बोल्टवरचा मूळचा रंगसुद्धा मोडलेला नव्हता! चाळणी काढली तर करड्या चिखलाने लिंपलेली. डिझेलने धुतली, ऑइल बदललं, दुसऱ्या दिवशी लिफ्ट पहिल्या ओढीला वर. सर्व्हिसवाल्याशी भांडलो, उपयोग शून्य. आता सर्व्हिसला मी स्टूल घेऊन शेजारीच बसतो.

दुसरी गोष्ट मे महिन्यात, द्राक्षाची उन्हाळी खरड छाटणी उरकल्यावर. आपल्याकडचं ऊन सांगायला नको. रोटाव्हेटर उचलून ठेवला की तो नंदीबैलासारखी मान डोलवायचा. चार-पाच सेकंदांनी एक झटका, पुन्हा झटका. इंजिन बंद केलं की खाली बसायचा. म्हणजे कोंडलेलं ऑइल कुठून तरी निसटतंय. लिफ्टचे हात खाली सरकले की पोझिशन कंट्रोलला, म्हणजे ठरवलेली उंची राखणाऱ्या यंत्रणेला, ते कळतं, तो वाल्व उघडून पुन्हा उचलतो. डोलणं ते हेच.

कुठून निसटतंय ते शोधायची युक्ती चाचांनीच सांगितली. सीटखाली लिफ्ट किती वेगाने उतरावी ते ठरवणारी मूठ असते. आमच्या ट्रॅक्टरला ती पूर्ण आवळली की सिलिंडरची वाट बंद होते. अवजार उचला, मूठ आवळा, इंजिन बंद करा, अवजाराच्या उंचीला मडगार्डवर खडूची खूण करून लांब उभे राहा. अवजार थांबलं तर दोष कंट्रोल वाल्वकडे. तरीही बसलं तर पिस्टनचं सील नाहीतर सिलिंडरचा सेफ्टी वाल्व. आमचं दहा मिनिटांत चार बोटं बसलं. उघडलं तर पिस्टनची ओ-रिंग, म्हणजे सीलचं रबरी कडं, एका जागी कापलेली. सामान ४८० रुपयांचं, मजुरी १८००. कव्हर उचलायला चेन ब्लॉक लागला. उघडण्याआधी अवजार जमिनीला टेकवून काढून ठेवलं, हे सांगायलाच हवं, कारण आमचा धाकटा भाऊ उचललेल्या रोटाव्हेटरखाली वाकून दगड काढतो. त्याला शंभरदा बोललोय.

भावाचीच आणखी एक करामत. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर उड्या मारतो म्हणून तो आठवडाभर लिफ्टला शिव्या देत होता. हा पठ्ठ्या ड्राफ्टच्या लिव्हरवर काम करत होता. ड्राफ्ट नांगरासाठी: नांगराला माती अडते, तो दाब टॉप लिंकमधून (अवजाराला जोडणाऱ्या वरच्या दांड्यातून) कळतो आणि लिफ्ट नांगर जरा उचलून घेते. रोटाव्हेटरची पाती पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, मग ड्राफ्टला काय कळणार? ड्राफ्टचा लिव्हर मॅन्युअलमधल्या जागी नेला, पोझिशनवर काम सुरू केलं, उड्या बंद.

पारावर एकाने रिलीफ वाल्वच्या (दाब फार वाढला की ऑइल सोडून देणाऱ्या वाल्वच्या) स्प्रिंगखाली वायसर टाकायला सांगितलं, "डबल वजन उचलंल." उचलेलही, पंप किंवा लिफ्टचं लोखंडी कवच फुटेपर्यंत. माहितीपत्रकात लिफ्टची ताकद म्हणून दिलेले ७५० किलो खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेले असतात, वजन जितकं मागे जाईल तितकी ताकद कमी. म्हणून ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर आम्ही लिफ्टवर न घेता चाकावरचा, ओढायचा घेतला.

सध्या ५८० तास झालेत. रात्री अवजार खालीच ठेवतो, पण परवा मुद्दाम उचलून ठेवलं होतं. सकाळी खडूची खूण बोटभर वर होती. चाचा म्हणाले, "एवढं चालतंय, मालक."